एक दिवस आधीची सुट्टी

सुट्टी आकाशातून पडते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बऱ्याचशा मुंबईत ठरतात, पण दोन-तीन स्थानिक सुट्ट्या जिल्ह्यानं ठरवायच्या असतात आणि त्यात कलेक्टरसाहेबांचं काम सहीपुरतं. तारखा कुणीतरी कारकून काढून देतो. अकोल्याच्या कचेरीत बरीच वर्षं तो कारकून मी होतो.

आणि मला तारखा द्यायची माझी आई. ती आणि बाबा अमरावतीला राहायचे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरच्या महालक्ष्म्या शेवटपर्यंत आईच्याच हाती राहिल्या. भाद्रपदातल्या या गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात. अनुराधेला बसवायच्या, ज्येष्ठेला जेवू घालायचं, मूळ नक्षत्रावर निरोप द्यायचा. म्हणून तारीख दरसाल मागंपुढं होते, आणि सुट्टी हवी ती जेवणाच्या दिवशी. डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची फाइल आली की मी घरी फोन लावायचो. आई फोन बाजूला ठेवून पंचांग काढायची, चष्मा शोधायची, पानं उलटायची आणि मग बजावायची, "लिहून घे."

आदेश निघाला की त्याची झेरॉक्स मी तिला नेऊन द्यायचो. ती शेजारणींना दाखवायची. "अख्ख्या अकोल्याले माह्या सांगण्यावर सुट्टी लागते."

"मंग अमरावतीनं तुयं काय घोडं मारलं?" बाबा विचारायचे.

त्या वर्षी तिनं पंचांग काढलंच नाही. मी विचारताक्षणी तारीख सांगितली. पानांचा आवाज आला नाही हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मला मात्र तिचं कौतुक वाटलं. हाताशी आणखी पाच फाइली होत्या, मी लिहून मोकळा झालो.

सणाच्या महिनाभर आधी काही बायका निवेदन घेऊन कचेरीत आल्या. सुट्टी एक दिवस आधी लागली होती, महालक्ष्म्या बसतात त्या दिवशी. साहेबांनी मला बोलावलं. "घरी पंचांग नाही का तुमच्या?" एवढंच म्हणाले. मी शुद्धिपत्रक टाइप केलं आणि चार ओळींत जिल्ह्याची सुट्टी एक दिवस पुढं सरकली.

ते शुद्धिपत्रक मी आईला नेऊन दिलं नाही. तिची आठवण दगा देऊ लागली होती. दूध उतू जायचं, एकच गोष्ट ती दोनदा सांगायची. मला ते दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. तिची चूक तिला कशाला दाखवायची, सण आला की ती पंचांग उघडेलच, असं मी ठरवून टाकलं. मनाची समजूत घालायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

जुन्या आदेशात सुट्टीची म्हणून जी तारीख होती, त्या दिवशी दुपारी मी टेबलाशी असताना तिचा फोन आला.

"आज सुट्टी ना तुले? मंग काहून नाही आला अजून? पानं वाढून बसली मी."

मी अर्धा दिवस रजा टाकून गाडी पकडली. बडनेऱ्यापर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो. काही जुळलं नाही.

घरी महालक्ष्म्या आदल्या दिवशीच बसल्या होत्या. वर फुलोरा टांगलेला, समोर पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या, सगळं निवून गेलेलं. एवढं तिनं एकटीनं रांधलं होतं. सवाष्ण म्हणून सांगितलेली शेजारीण जेवायला आली नव्हती, कारण तिच्याकडे महालक्ष्म्या त्या दिवशी बसायच्या होत्या. बाबांनी मला दारातच गाठलं. शेजारीण सांगून गेली होती की काकू, जेवण उद्या आहे. आई तिच्यावर बिघडली होती, झेरॉक्स दाखवून म्हणाली होती, "सरकार का खोटं बोलन?"

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. कागद तिच्या मांडीवर होता.

"तुले सुट्टी नव्हती आज?"

"नाही. तारीख बदलली."

"कवा?"

"महिना झाला."

तिनं कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "मीच सांगतली होती ना ही तारीख?"

"नाही. माझीच टाइप करताना चूक झाली."

"तू नाही चुकत," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही चुकत तू." मग अगदी हळू, "गावभर नवा कागद फिरवला, अन् मले काहून नाही सांगतलं?"

तिला जपतोय असं मला वाटत होतं आणि मी तिला गल्लीसमोर एकटं पाडलं होतं. संध्याकाळी आम्ही तिघं गार पुरणपोळी खाऊन उठलो.

पुढच्या डिसेंबरात फाइल आली. मी स्वतः पंचांग विकत आणलं, ज्येष्ठा नक्षत्र शोधलं, कचेरीतल्या दोघांकडून पडताळून घेतलं आणि टिपणी पाठवून दिली. घरी फोन केला नाही. तिला पुन्हा अवघड वाटायला नको, हे कारणही माझ्याजवळ तयार होतंच.

आठवड्यानं तिचाच फोन आला. थंडीचं झालं, बाबांच्या खोकल्याचं झालं. मग तिनं विचारलं, "फाइल आली असंन ना रे?"

"गेलीसुद्धा, आई."

पलीकडे पानं मिटल्याचा आवाज आला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी आपली आठ दिवसांपासून पंचांग घेऊनच बसली होती फोनपाशी."