उभी मोटार कुणाला लागते?

आधी मावशींविषयी सांगतो, घटनेकडे मग वळतो. या हकिगतीत कुणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवलं आहे, त्यामुळे त्यांचंही लिहीत नाही. पण लोणावळ्याच्या पोलीस लायनीत त्या काळी राहिलेल्या कुणालाही विचारा, मावशी म्हटलं की एकच. माहेर मळवलीचं. नवरा रेल्वेच्या गँगवर होता, तो लवकर गेला. लायनीमागच्या खोलीत राहून शिपायांना भाकऱ्या करून देत. मी वेंगुर्ल्याकडचा. मराठी चौथीनंतर शाळा सुटली, पोलिसात भरती झालो आणि बदल्या होत होत या धुक्याच्या गावात येऊन पडलो. आल्याआल्या हिवतापानं धरलं. जवळ आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. मावशींनी पेज पाजली, अंगावर स्वतःची वाकळ टाकली. हवालदाराचा पुढे फौजदार झालो, पेन्शनीत निघालो, ते सगळं त्या पेजेवर. आणि त्यानंतर एकदा तर त्या नसत्या, तर आज हे लिहायला मी उरलो नसतो.

ती मोटार आठवली की अजून डोकं जड होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. भाद्रपदातली झड लागलेली. दुपारी दवाखान्यातून चिठ्ठी आली की मळवलीपलीकडच्या एका गावचा म्हातारा दम्यासाठी भाड्याच्या मोटारीतून आणला, तो पोचण्याआधीच मयत, विषाचा संशय. पाठोपाठ म्हाताऱ्याचा थोरला मुलगा फिर्याद द्यायला ठाण्यात आला. भिजलेला, दाढी वाढलेली, आवाज बसलेला. त्याचा संशय धाकट्या भावाच्या विधवेवर होता.

"निघताना तिनंच च्या दिला म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "मोटारीत मागं ती नि आबा, दोघंच. म्या फुडं डायव्हरशेजारी. तिनंबी दोन घोट घेतलं, कुणाला सवंशय येऊ नये म्हनून. मग पडद्याभाईर तोंड काढून भडाभडा वकली. तिच्या पोटातलं इख भाईर पडलं. आबाला दमा, त्यास्नी वकता बी येईना."

सांगताना तो रडत होता. खोटं बोलणारा माणूस रडताना समोरच्याकडे चोरून बघतो, हा बघत नव्हता. त्याला जे वाटत होतं तेच तो सांगत होता, आणि अशा माणसापुढे तपास जास्त अवघड होतो.

फौजदारसाहेबांनी पंचनाम्याचं काम माझ्याकडे दिलं. माझी जोडाक्षरं चुकत, कोर्टात वकील हसतील ही धास्ती कायम असे, म्हणून मी बारीकसारीक सगळं लिहून ठेवत असे. मयताच्या अंगावर जखम नाही. तोंडाला फेस नाही. चेहरा लालसर, झोपेत असावा तसा. डॉक्टरांनी व्हिसेरा मुंबईला तपासणीस पाठवला. त्याचा निकाल यायला महिने लागत. तोवर ती बाई कोठडीत, आणि गावात तिची दीड वर्षाची मुलगी शेजारणीच्या मांडीवर.

ठाण्यात बाईमाणूस आणलं की सोबतीला बाई बसवावी लागे. महिला पोलीस तेव्हा कुठले! आम्ही मावशींना बोलवायचो. त्या आपली सुपारी आणि अडकित्ता घेऊन येत, कोठडीच्या दाराशी बसत.

मी जबाब घ्यायला बसलो. वीस-बावीसची पोर असेल. कपाळाला हात लावून बसलेली, डोकं अजून ठणकत होतं तिचं.

"चहात काय घातलं होतं?"

"गूळ."

"आणखी?"

"आलं. आबास्नी कफ व्हता."

"उलटी का झाली मग?"

"मोटार लागली मला."

लिहिलं मी. 'आरोपीस मोटार लागल्याने वांती झाली असे ती सांगते.' घाटातल्या गावचे आम्ही, मोटार लागणं आम्हाला नवं नव्हतं. खंडाळ्याच्या वळणांवर रोज कुणी ना कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं दिसायचं. फौजदारसाहेब दारातून म्हणाले, "मोटार लागून कुणी मरत नाही, हवालदार. पुढे विचारा." त्यांचंही बरोबर होतं. विचारून विचारून मी थकलो, पोर त्याहून थकली. दर वेळी तेच. मोटार लागली.

अडकित्ता थांबला. मावशी म्हणाल्या, "मलाबी लय लागती गं. बैलगाडीबी लागती. तुला कुटं लागली? वळनावर?"

"न्हाई. फाटकापाशी."

"मळवलीच्या?"

"व्हय. मालगाडी जायची व्हती. लय येळ उभं ऱ्हायलो."

"अगं, मग तितं मोटार उभी व्हती न्हवं?" मावशींना हसू आलं. "उभी मोटार कुनाला लागती व्हय? उभी ऱ्हायली की तर माजा जीव जाग्यावर येतो. आमच्या लायनीतल्या पोरी तुज्यापरीस बऱ्या, निदान चालत्या गाडीत तरी वकत्यात."

पोर काही हसली नाही. म्हणाली, "मावशे, चालत व्हती तवर मी बरी व्हते."

माझा टाक हातातच राहिला. उगाच कुणाला आशा लावू नये हे नोकरीनं शिकवलेलं होतं, म्हणून चेहरा तसाच ठेवला आणि पहिल्यापासून विचारायला लागलो. या वेळी चहा सोडला, मोटार धरली. पडदे कुणी लावले? दिरानं, म्हाताऱ्याला वारा लागू नये म्हणून. फाटकापाशी पुढे कोण होतं? कुणी नाही. दीर आणि ड्रायव्हर उतरून गेटमनच्या छपराखाली विड्या ओढत होते. इंजिन बंद होतं का?

"न्हाई. बुडाखाली सारकं थरथरत व्हतं."

मोटार स्टँडवरच होती. जुनी टूरिंग गाडी, वर कापडी टप, बाजूंना बटणं लावून बसवायचे मेणकापडाचे पडदे. ड्रायव्हर कामशेतकडचा, तोंडाळ, पण हात जोडून बोलणारा. फाटकात इंजिन का बंद केलं नाही, विचारलं.

"बंद करतोय कुटं, साहेब? बंद केली की हँडल मारून दंड सुटत्यात. मागनं ढकलायला तुमी येनार का?"

"मागे बसणाऱ्यांना त्रास होतो का?"

"मोटार हाय, साहेब. लागायचीच कुना-कुनाला."

पुन्हा तोच शब्द. सगळ्यांच्या तोंडी तोच, आणि तो ऐकला की पुढे कुणी काही विचारत नव्हतं.

मी फौजदारसाहेबांना म्हटलं, मला त्या मोटारीत तसंच बसून बघायचं आहे. त्यांनी आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंच बोलवा. आणि जरा काही झालं तर हात बाहेर काढा." ठाण्याच्या अंगणात मोटार उभी केली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि उतरला. मी मागे बसलो, पडदे बंद. पायाखाली गोणपाट, त्याखाली भाताचा पेंढा, चिखलाच्या पायांसाठी घातलेला. वास होता, पण मोटारीला असतो तेवढाच.

मावशी छत्री घेऊन पडद्याला लागून उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, तुमचं काय काम इथे? त्या म्हणाल्या, "ह्येंचा आवाज ऐकते. गप ऱ्हायलं की कळंल." आणि आतल्या माझ्याशी बोलायला लागल्या.

"काय वो भाऊ, गावाकडं काय हाय तुमच्या?"

"माड आहेत. समुद्र आहे."

"समुद्र म्हंजी केवढा? आमच्या इंद्रायनीएवढा?"

"मोठा, मावशी. पलीकडचा काठच दिसत नाही."

"थापा नका मारू. काठ न्हाई आसं पानी आसतंय व्हय कुटं?"

मला हसू आलं, ते आठवतं. कपाळावर कुणी फडकं घट्ट बांधल्यासारखं वाटत होतं. मी सांगायला लागलो, की सकाळी होड्या परत येतात तेव्हा आई आमची... आणि इथे वाक्य कुठे गेलं मला कळलं नाही. बरं वाटेना, हात काढावा म्हणून मी हात वर केला. निदान माझी समजूत तशी होती. पंचांनी नंतर सांगितलं, हात मांडीवरच होता.

"भाऊ? आई काय?"

मी उत्तर दिलं नाही, एवढंच मावशींना पुरलं. बटणं सोडवत बसल्या नाहीत. कंबरेला खोचलेला विळा काढून पडदा वरपासून खालपर्यंत फाडला आणि शर्टाला धरून मला चिखलात ओढलं. शुद्ध आली तेव्हा पाऊस तोंडावर पडत होता, मी ओकत होतो आणि ड्रायव्हर शिव्या देत होता. मला नाही, फाटलेल्या पडद्यासाठी.

गोणपाट आणि पेंढा उचलला. खालच्या फळीला हाताचा पंजा जाईल एवढी फट. तिच्या बरोबर खाली सायलेन्सरची नळी जोडावर फुटलेली, तारेनं आवळलेली. तारेभोवती वाळलेली, तडकलेली माती.

"ही माती कसली?"

ड्रायव्हरचा आवाज उतरला होता. "शेनमाती, साहेब. घाटात दगूड लागून नळी फुटली. लढाईपायी नवी मिळंना. घरी चूल भेगाळली की आई लिंपती, तसं लिंपलं म्या. दर आठवड्याला लिंपतो. चूल ऱ्हाती की वो तशी."

चूल राहते. पण चूल धक्के खात मळवलीला जात नाही. माती झडून गेली होती. चालत्या मोटारीत वारा खालून धूर मागे उडवून नेत असे. मोटार उभी राहिली की तोच धूर फटीतून वर यायचा, आणि पडदे बंद असले की तिथेच कोंडायचा. पोरीला वांती झाली म्हणून तिनं डोकं पडद्याबाहेर काढलं, मोकळा श्वास मिळाला आणि ती वाचली. म्हातारा मुलानं मायेनं लावलेल्या पडद्याआड, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून, शांत पडून राहिला. ज्या उलटीवरून आम्ही तिला कोठडीत घातलं, तिनंच तिला जगवलं होतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो लालसर चेहरा आठवून मान हलवली. धुरानं मेलेल्याची कांती तशी होते, म्हणाले. व्हिसेऱ्यात पुढे विष निघालं नाही. पोर त्याआधीच जामिनावर सुटली होती. थोरला दीर तिला न्यायला आला. दोघं ठाण्याच्या पायरीवर उभे होते. तो म्हणाला, "पडदं म्याच लावलं गं." तिनं फक्त, "पोरगी कुटं हाय?" एवढं विचारलं. दोघं पायीच निघाले. मोटारीत बसायला ती तयार नव्हती, आणि तोही.

ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा खटला झाला, शिक्षाही झाली. मला त्याचा आनंद झाला नाही. म्हातारा परत यायचा नव्हता, आणि शेणमाती लावणारा तो हात वाईट माणसाचा नव्हता. बहुतेक तपासांचा शेवट असाच होतो. कागद पुरा होतो, माणसं तशीच राहतात.

पण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत एक केलं. कुणी काही नेहमीचं सांगितलं, चक्कर आली, वारा लागला, पाय घसरला, की मी थांबून विचारायचो, कुठे? तेव्हा काय चाललं होतं? शिपाई कंटाळायचे. म्हणायचे, साहेबांचं फाटक आलं.

मावशी अजून आहेत, त्याच खोलीत. दिसतं कमी, अडकित्ता चालतो. मी निवृत्तीनंतर गावी गेलोच नाही, आज जाऊ उद्या जाऊ करत इथेच राहिलो. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, "भाऊ, त्या दिशी तुमची आई काय करायची ते सांगायचं ऱ्हायलं बगा."

मी सांगितलं नाही. म्हटलं, तिथे नेऊनच दाखवीन.

"मला यष्टी लागती. बोट तर लागंलच लागंल."

लागू दे. पाऊस उघडला की निघायचं. जिथे लागेल तिथे उतरू, झाडाखाली बसू, बरं वाटलं की पुढची गाडी धरू. कितीही मुक्काम पडोत. सकाळी होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा मावशींना वाळूवर उभं करीन, आणि मोटारीत राहिलेलं ते वाक्य तिथे पुरं करीन.