दोन्ही नळ्यांना लाल दोरा

दादांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आदल्या वर्षी उसाच्या रानात ट्रॅक्टरचं पुढचं चाक चारीत आपटलं, स्टेअरिंगनं उलटा झटका दिला आणि खांदा निखळला. बसवला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. तो जुना ट्रॅक्टर वळवायचा म्हणजे दोन्ही हातांचा आणि छातीचा जोर लागायचा. सटाण्याचा एक जण दसरा झाला की ट्रॅक्टर बघायला येणार होता. पसंत पडला तर विकत घेऊनच जाणार होता.

मी दादांच्याच मळ्यात, पंपाच्या खोलीत राहायचो. सातवीत शाळा सोडून भंडाऱ्याकडून निघालो, ते भटकत निफाडच्या एका वर्कशॉपात येऊन फिटर झालो. डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हा दादा म्हणाले होते, "खोलीत पड, तेवढीच राखण होईल." राखण कसली? भाकरी त्यांच्या घरून यायची, ताप आला तर काढाही यायचा. मी तिकडचा म्हणून सगळे मला वऱ्हाड्या म्हणायचे. भंडारा वऱ्हाडात येत नाही हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवायचं आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींच्या डोक्यातून निघालं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या भागात शेतीच्या ट्रॅक्टरला असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी नाशिकच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या मशीनचा पंप आणि स्टेअरिंगचा व्हॉल्व्ह आणला. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरणार, तो तेल दाबणार, आणि पुढच्या अॅक्सलवरचा सिलिंडर चाकं वळवणार. सिलिंडरला दोन नळ्या. एकीतून तेल आलं की चाकं उजवीकडे, दुसरीतून आलं की डावीकडे. नळ्या अगदी एकसारख्या, वरची टोकं पत्र्यामागे गेलेली. म्हणून उजवीकडे वळवणाऱ्या नळीला मी लाल दोरा बांधून ठेवला होता.

काम झालं तेव्हा सिलिंडरच्या जोडातून तेल ठिबकायला लागलं. वायसर बदलायला खालची टोकं सोडली आणि नेमकी खंडेनवमी आडवी आली. हत्यारं पूजेला मांडली की पान्ह्याला हात लावायचा नाही. पान्हे, हातोडे, जॅक, सगळं झेंडूखाली गेलं. ट्रॅक्टरही धुऊन-पुसून अंगणात पूजेला उभा राहिला, नळ्या खाली लोंबकळत.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उचलली. दादा नवा सदरा घालून तयार होते. सीमोल्लंघनाला ट्रॅक्टर स्वतः शिवेपर्यंत न्यायचा, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी नळ्या लावायला ट्रॅक्टरखाली शिरलो. दोन्ही नळ्यांना लाल दोरा.

"आजी, हा दोरा कोणी बांधला?"

"म्या बांधला," दादांची आई ओट्यावरून म्हणाली. "एकीला तू बांधला व्हता, मंग दुसरीनं काय पाप केलं?"

दोन्ही दोरे तिच्याच पूजेच्या गुंडीतले. माझा कुठला, तिचा कुठला, कळेना. मी मिस्त्रींना म्हणालो, पत्रा उघडून वरून बघू. ते म्हणाले, "पत्रा काढायला दुपार होईल. ही उजवी. मला आठवतंय. लाव." माझ्या मनानं दुसरी धरली होती, पण माझ्याही मनाचा काय भरवसा? त्यांनी सांगितली तशी नळी लावली आणि म्हटलं, "मग निदान पुढची बाजू जॅकवर घेऊन फिरवून बघू."

"सणाच्या दिवशी गाडी आडवी-तिडवी टांगतो का?" दादांचे चुलते खेकसले. "येळ टळंल."

दादा चढले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. फाटक उजव्या हाताला होतं. डाव्या हाताला विहीर, कठडा नसलेली. ट्रॅक्टर थोडा पुढे सरकवायचा आणि मग वळवायचा, ही दादांची जन्माची सवय. जड स्टेअरिंग उभ्या गाडीत फिरतच नाही. इंजिन सुरू झालं. त्यांचा पाय क्लचवर गेलेला दिसला आणि मी बोनेटसमोर जाऊन उभा राहिलो.

"अरे बाजूला हो ना वऱ्हाड्या, चाक अंगावरून जाईल!" दादा ओरडले.

"दादा, गिअर टाकू नका! उभ्यानंच फिरवा!"

"उभ्यानं कधी फिरतं का, येड्या?"

"आता फिरते ना! त्याच्यासाठीच तर बसवलं!" घाबरलो की माझी बोली वर यायची. पोरं हसली. मी हललो नाही.

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हातानं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. एक फेरा झाला, काहीच नाही. नळ्यांत हवा होती. दुसरा फेरा झाला आणि चाकांना हिसका बसला. लिंबं चिरडली, आणि दोन्ही चाकं लोण्यातून फिरावीत तशी वळली. डावीकडे. विहिरीकडे.

"फिरलं गं बाई! एका हातानं फिरलं!" आजीनं टाळ्या वाजवल्या. बायाही हसल्या. चाकं कुठं बघतात हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दादांच्या आलं. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवला. मिस्त्री पान्हा घेऊन खाली बसले.

नळ्यांची अदलाबदल केली, तेल भरलं, उभ्या गाडीत स्टेअरिंग पुन्हापुन्हा फिरवून हवा काढली. आता उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. तरी मी दोनदा जाऊन चाकांना हात लावून बघितलं.

"आजी, एक दोरा सोडू का?"

"सोड. पण सणाचा दोरा मातीत टाकू नको." तिनंच तो माझ्या हातून घेतला आणि माझ्या मनगटाला बांधला. "हितं कोण हाय तुला बांधणारं," म्हणाली. मी मान खाली घालून पान्हे गोळा करत बसलो.

दादांनी मला मडगार्डवर बसवलं. फाटकातून निघालो तेव्हा भीतीनं माझा हात सीटला चिकटला होता. कालव्याच्या वाटेवर एक वळण होतं, तिथं ते नेहमी दोनदा मागे-पुढे करायचे. आज डाव्या हातानं एकदाच फिरवलं. उजवा हात मांडीवर तसाच. शिवेवर आपट्याची पानं तोडली, परत फिरलो, पण घराचं फाटक आलं तरी ते थांबेनात. सरळ द्राक्षबागेकडे निघाले.

"दादा, सगळे वाट बघत असतील."

"बघू दे," ते म्हणाले. पहिल्या ओळीच्या टोकाला मांडवाच्या डांबांपासून हातभर अंतर राखून त्यांनी ट्रॅक्टर वळवला, मग दुसऱ्या ओळीच्या. तारेला धक्का नाही. तिसऱ्या ओळीला माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या पहिल्या एस्टीनं सटाण्याला जा. त्याला म्हणावं, येऊ नको."