वॉशिंग मशीनशेजारचा फोन

असे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आम्ही तिघी, एक फोन आणि अमेरिकेतल्या माझ्या एडिसनच्या घराचं बेसमेंट. मी पुण्याची, सुधा नागपूरची आणि रुखसाना लाहोरची, तिकडे वकिली केलेली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या देशी बायकांनी कुणाशी तरी बोलावं, म्हणून पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास आम्ही हा फोन घेतला. आमच्या ह्यांना तो लिव्हिंग रूममध्ये वाजायला नको होता, म्हणून वॉशिंग मशीनशेजारी बसवला. आता भेटलो की आम्ही हे किस्से सांगून हसतो. पण खरं सांगू? माझं डोकं अजून तितकंच फिरतं.

*

गणपतीच्या कार्यक्रमात नंबर सांगायला पाच मिनिटं मागितली. मंडळाच्या सेक्रेटरींना आम्ही काका म्हणायचो. ते म्हणाले, "अगं, हे असले प्रकार त्या पाकिस्तान्यांत. आपल्याकडे सगळे डॉक्टर-इंजिनिअर. शिवाय प्रोग्राम टाइट आहे. पुढच्या वर्षी बघू."

सुधानं लेडीज रूमच्या आरशाला नंबरच्या दहा चिठ्ठ्या चिकटवल्या. आरती होईपर्यंत सात गेल्या होत्या.

*

रुखसानाच्या ओळखीत एक डॉक्टर होते, तिच्याच देशातले. फार सज्जन म्हणून नाव. शेजारणीची भुवई त्यांनी तीन वेळा शिवली होती, तीही स्वतःच्या किचन टेबलावर. पोलिसांना का नाही कळवलंत, असं आम्ही विचारलं.

"मियाँ-बीवी का मामला है," ते म्हणाले. "पण मी टाके इतके बारीक घातले, की खूणसुद्धा राहिली नाही."

"तेच ना, डॉक्टरसाहेब," रुखसाना म्हणाली. "आता कोर्टाला दाखवायचं काय?"

त्यांनी चहा विचारला. मी त्या घरात पाणीसुद्धा प्यायले नाही.

*

लाहोरला रुखसानानं मोर्चात लाठी खाल्ली होती. व्यवहाराच्या कागदावर एका पुरुषाच्या जागी दोन बायकांची साक्ष लागेल, असा कायदा तिकडे येऊ घातला होता, त्याविरुद्धचा मोर्चा. कायदा आला आणि ही इकडे आली. त्यामुळे कुठंही जायचं झालं की ती म्हणायची, "चल, आपण दोघी मिळून एक साक्षीदार." हसत म्हणायची, पण जोडीदारणीशिवाय कधी निघाली नाही.

एकदा एका अपार्टमेंटमध्ये पोचलो, तर पोलीस आमच्या आधी हजर. बाईला इंग्रजी येत नव्हतं. मग ऑफिसरनं दुभाषा कुणाला करावं? मारणाऱ्या नवऱ्याला! ती बिचारी पंजाबीत दोन मिनिटं बोलत होती. नवऱ्यानं ऑफिसरला सांगितलं, "ती म्हणते, पाय घसरून पडली."

"ऑफिसर," रुखसाना म्हणाली, "पडायला दोन मिनिटं लागत नाहीत. ती काय म्हणाली ते आता मी सांगते."

*

आणि नसीम. तिचा फोन आला की दोन मशीनं ऐकू यायची, एक माझं आणि एक तिचं. फोनची लांब वायर ओढून ती लाँड्री रूममध्ये जायची. नवरा तिथं कधी फिरकत नसे आणि मशीन चालू असलं की वर आवाज जात नसे.

तिची सायमा सोळा वर्षांची, शाळेत पहिल्या पाचांत. बापानं सुट्टीत लाहोरला जायचं म्हणून तिकिटं काढली. सायमाचं तिकीट एकाच बाजूचं होतं. तिथं त्याच्या चौतीस वर्षांच्या पुतण्याशी तिचा निकाह ठरला होता. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. नसीमला होतं, कारण पंधराव्या वर्षी तिचंही असंच लावून दिलं होतं.

पासपोर्ट लपव, असं आम्ही शहाण्यांनी सुचवलं. तो नवऱ्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात असायचा. ती म्हणाली, "छुपाऊँगी तो ढूँढ लेंगे, बाजी. फिर दोनों को मारेंगे."

सुधानं शाळेत फोन केला. फॅमिली व्हेकेशनमध्ये आम्ही पडत नाही, असं उत्तर आलं. व्हेकेशन! मी रिसीव्हर आपटला. फ्लाइट शनिवारची होती आणि आम्हा तिघींना काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी नसीमचा फोन आला. आज तिचं मशीन बंद होतं. "बाजी, ग़लती हो गई," ती म्हणाली. प्रवासाला स्वच्छ असावं म्हणून तिनं नवऱ्याचं जॅकेट धुवायला टाकलं होतं. सायमाचा पासपोर्ट आतच राहिला आणि त्याचा लगदा झाला. वरून नवऱ्याचा आवाज येत होता, "जाहिल औरत! जेब देखने की अक़्ल नहीं!"

"मारलं?" मी विचारलं.

"हाँ. सायमा को नहीं."

"आम्ही निघतोच आहोत. पण नसीम, तू खिसा बघायला विसरलीस कशी?"

पलीकडे तिनं मशीन चालू केल्याचा आवाज आला.

"सत्रह साल से इनके कपड़े धो रही हूँ, बाजी," ती म्हणाली. "आज तक काग़ज़ का एक पुर्ज़ा नहीं भीगा."