खाऱ्या पाण्याची ग्रामपंचायत

ग्रामपंचायतीच्या ऑफिसातली धूळ झाडली की निघते, किस्से मात्र निघत नाहीत. टेबलाखाली, कपाटामागे, उपसरपंचांच्या खिशात, जिथे हात घालाल तिथे एक सापडतो! मी सरपंच झाले तेव्हा खामगावच्या मैत्रिणी म्हणाल्या, "आता मज्जा हाय बापा तुयी!" मज्जा आहेच, खोटं कशाला बोलू? पण कसली मज्जा ते ऐका.

आधी गाव कुठे ते सांगते. संग्रामपूर तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधे सगळी सपाट काळी जमीन. समुद्र इतका लांब की निम्म्या गावाने तो टीव्हीतच पाहिलाय. पण हापशी हाणा, पाणी थेट समुद्राचं! खारपाणपट्टा म्हणतात याला. माझं माहेर खामगाव. लग्नानंतर पहिल्या सकाळी चूळ भरली आणि विचारलं, "यात मीठ कोणी टाकलं?" अख्खं अंगण हसलं. नवरा म्हणाला, "सवय होते."

मला नाही झाली. निवडणुकीला उभी राहिले ती एकाच गोष्टीसाठी. धरणाच्या गोड्या पाण्याची लाईन शेजारच्या गावापर्यंत आली होती, ती आमच्या गावात आणायची. दारोदार जाऊन तेवढंच सांगितलं. निवडून आले. आता लाईन नाही आली तर त्याच दारांवरून मान खाली घालून जायचं! आणि मान खाली घालणं मला जमत नाही.

*

लाईन आली तर टाकी लागेल. टाकीला उंच जागा हवी. आमचे ग्रामसेवक पवार, साताऱ्याकडचे, डोंगरात वाढलेला माणूस. त्यांनी विचारलं, "गावात उंच जागा कोणती?"

झालं! प्रत्येक गल्ली उंच! टाकी जवळ म्हणजे नळाला जोर जास्त, हे सगळ्यांना ठाऊक. सगळ्यात मोठा आवाज उपसरपंच नामदेवभाऊंचा. "आमच्या गल्लीइतकी उंच जागा तालुक्यात नाही!"

पवार म्हणाले, "भाऊ, गेल्या पावसाळ्यात नुकसानीचा पंचनामा करायला आलो, तेव्हा तुम्हीच म्हणालात की तुमची गल्ली सगळ्यात खोल आहे. सगळ्या गावाचं पाणी तिथेच तुंबतं!"

नामदेवभाऊंची पापणीही हलली नाही. "हाव ना साहेब. काळी माती हाय. पाऊस खाल्ला का फुगते! आता आली गल्ली वर."

*

उन्हाळ्यात टँकर येतो. माणशी पाणी मिळतं, म्हणून पवार घरोघरी माणसं विचारत फिरले. एका दारात आजोबा बसलेले. घरात कोण कोण? पोरगा, सून, नातवंडं, धाकटा पोरगा, धाकटी सून, आणि "लिहा, जावई बी हाय!"

दुसऱ्या दिवशी नालीसफाईचं श्रमदान. दर घरातून एक माणूस. पवार पुन्हा त्याच दारात. आजोबा एकटेच!

"कोणी रायत नाही बापा इथं. पोरं पुण्याले, सुना पुण्याले."

"अहो, काल जावईसुद्धा होते ना?"

आजोबा खाटेवरून उठूनच उभे राहिले. "जावयाले नाली साफ कराले लावता? काही रीतभात हाय का नाही तुमच्या साताऱ्यात?"

मला सांगताना पवारांचा चेहरा असा झाला होता की हसावं की त्यांना पाणी द्यावं कळेना. तेव्हापासून ते गावाच्या लोकसंख्येबद्दल कोणाशी वाद घालत नाहीत. टँकरच्या दिवशी गाव दुप्पट, श्रमदानाच्या दिवशी निम्मं, हे त्यांनी मान्य करून टाकलंय.

*

लाईनसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. आता आमच्याकडे ग्रामसभेची एक पद्धत आहे. पहिल्या सभेला कोणी येत नाही. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग तिला लोक निवांत येतात. पहिली सभा ही फक्त तहकूब करण्यासाठी असते, असंच गावाला वाटतं!

मी म्हटलं, यावेळी तसं चालणार नाही. बायांना गाठलं. सभेच्या दिवशी समाजमंदिर भरलं, पायरीवर बसायला जागा नाही. कोरम पूर्ण!

पवारांना घाम फुटला. त्यांनी तहकुबीची नोटीस आधीच लिहून ठेवली होती. नामदेवभाऊ माझ्या कानाशी आले. "बाई, पहिल्याच सभेत ठराव? बरं दिसत नाही. लोक काय म्हणतीन?"

"लोक समोरच बसलेत भाऊ. विचारा त्यांनाच."

भाऊंनी खरंच विचारलं! "तहकूब करायची का हो?"

मागून एक म्हातारी ओरडली, "काऊन बे नामदेवा? बोलावलं तुम्ही, आलो आम्ही. आता अजून येऊ का? उरक लवकर, मले कापूस वेचाले जायचं हाय!"

ठराव पास झाला. एकमताने! मी घरी जाऊन पुरणपोळी केली. पुरण खाऱ्या पाण्यात शिजत नाही म्हणून डाळ शेजारच्या गावातून शिजवून आणली, ते सोडा.

*

आता मनाला लागलेला किस्सा. ठरावानंतर पाण्याचा नमुना तपासायला बुलढाण्याला जाणार होता. पाणी खराब आहे असं ठरलं की आमचं नाव योजनेत. मी त्या दिवशी पंचायत समितीच्या मीटिंगला, म्हणून बाटली भरायचं काम नामदेवभाऊंकडे.

रिपोर्ट आला. पाणी उत्तम! पिण्यास योग्य! गावाचं नाव योजनेतून बाहेर.

मी भाऊंना बोलावलं. "भाऊ, कोणत्या हापशीचं पाणी भरलं?"

"हापशीचं? छ्या! वरवट बकालहून थंड पाण्याचा जार आणला मुद्दाम. बाटली धुतली बी त्याच पाण्यानं."

"कशाला?"

भाऊंना माझा प्रश्नच कळेना. "बाई, गावाची बाटली बुलढाण्याले चालली. मोठमोठे साहेब पाह्यतीन. त्याच्यात खराब पाणी भरून गावाचं नाव घालवू का मी?"

माणूस मनापासून बोलत होता. मी दार लावून ऑफिसात बसले आणि रडले, खरं सांगते. मग तोंड धुतलं आणि बुलढाण्याची बस धरली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं. "एकदा गावात या, मगच उठते." शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "येतो बाई, येतो!"

*

साहेब आले. आदल्या दिवशी मी गावभर फिरून बजावलं होतं, "साहेबांना जारचं पाणी द्यायचं नाही. आपण पितो तेच द्यायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हाव बाई, हाव बाई.

नामदेवभाऊंच्या घरी पाणी आलं. गोड! शाळेत आलं. गोड! पुढच्या घरी तर लिंबू सरबत, थंडगार, गोड! प्रत्येक जण माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगत होता, बाई, बाकीचे देतीन खारं, आपल्या घरी कसं द्यावं?

माझं डोकं फिरलं. "साहेब, हापशीवर चला."

"हापशीचं आता कोण पितं, मॅडम? तीन ठिकाणी प्यायलो, छान पाणी आहे. रिपोर्टही तेच सांगतो. निघतो मी."

गाडी आमच्या घरासमोरच उभी होती. दारात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. "जयभीम साहेब. चहा घेतल्याबिगर जाऊ नका." मी डोळे मिटले. आयुष्यात एका पाहुण्याला त्यांनी खारा चहा दिलेला नाही.

दोन कप आले. एक साहेबांपुढे, एक त्यांचा स्वतःचा. साहेब घोट घेऊन म्हणाले, "वा! फक्कड!" माझ्या डोळ्यांपुढून लाईन गेली, दारं गेली, सगळं गेलं.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष आत्याबाईंच्या कपाकडे गेलं. त्यात दूध फाटून वर तरंगत होतं. "आजी, तुमचा चहा वेगळा का?"

"तुमचा जारच्या पाण्याचा. तो पाहुण्याचा. हा आमचा, रोजचा."

साहेबांनी हात पुढे केला. "द्या बघू तो कप."

आत्याबाईंनी कप पदराआड घेतला. "नाही देत. पाहुण्याले खारं पाजून मी पापात पडू?"

"मग मला पाहुणा समजू नका. घरचा समजा."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग कप दिला. साहेबांनी एक घोट घेतला. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. पण गडी खरा! डोळे मिटून सगळा कप संपवला आणि खाली ठेवला.

"घरचे ना तुम्ही?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग आमच्या घरी आपला कप आपणच धुते."

सोबत आलेल्या पवारांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र उठले, बाह्या सरसावल्या, मोरीवर बसले, हौदातलं हापशीचं पाणी घेतलं आणि कपाला साबण लावला.

घासला. पुन्हा साबण लावला. पुन्हा घासला.

आत्याबाई दाराला टेकून बघत होत्या.

"काऊन हो साहेब? फेस येऊन नाही राह्यला का?"