पिवळ्या पाटीची गाडी

"पोरगी गुणाची हाय, पन मिठाची गुळणी धरल्यागत बसती. भोरला बोलायला शिकवत न्हाईत का काय!"

सासूबाई परसात शेजारच्या काकूंना सांगत होत्या आणि मी मोरीत भांडी घासत होते. मध्ये फक्त पत्रा! लग्न होऊन भोरहून वेल्ह्यात नुकतीच आले होते. पण न बोलण्याचा एक फायदा असतो, किस्से आपोआप साठतात. बोलणारे सांडत जातात, गप्प बसणारे वेचत जातात. माझ्याकडं सगळ्यात जास्त साठलेत ते यानच्या गाडीचे.

यान हॉलंडचा. मोटरसायकलवर जग फिरायला निघालेला. तोरण्याच्या पायथ्याशी गाडी बंद पडली, ती ढकलत ढकलत तो किरणच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या गॅरेजात आला. पार्ट पुण्याहून यायचा, तोवर मुक्काम आमच्याकडं. गाडी सुरू झाली आणि घरून फोन आला. वडिलांचं ऑपरेशन आहे, लगेच ये!

आता गाडीचं काय? नंबर हॉलंडचा. कस्टमच्या नियमानं इथल्या माणसाला विकता येत नाही, टाकून जाताही येत नाही. तिच्यावर बसून देशाबाहेर जाईल असा दुसरा प्रवासीच गिऱ्हाईक पाहिजे. यानचं जेवणातलं लक्ष उडालं. मोबाईलवर जाहिरात टाकून तो बिचारा ओट्यावर बसून राहायचा.

*

हॉलंडच्या गाड्यांची नंबरप्लेट पिवळी असते. आपल्याकडं पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी!

यान गाडी तपासायला स्टँडपर्यंत गेला, तर वरच्या वाडीची एक आजी बोचकं घेऊन मागं बसली. "चल बाबा, चेलाडी फाटा!"

नाही म्हणायला त्याला मराठी कुठं येत होतं? सोडून आला. परतला तेव्हा टाकीवर भाड्यापोटी शेवग्याच्या शेंगांची जुडी.

पुढच्या बाजारी आजी सासूबाईंना म्हणाली, "गाडी झ्याक चालवतो, पन वाटंनं एक सबूद न्हाई. तुज्या सुनंच्या वरताण हाय!"

*

शेवटी गोव्यात फिरणाऱ्या क्लारा नावाच्या स्पॅनिश मुलीचा मेसेज आला. गाडी तिच्या नावावर करायची परवानगी दोघांनी मुंबईच्या एजंटामार्फत काढून घेतली. राहिली फक्त पसंती.

क्लारा यायच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच कांदे चिरायला घेतले.

किरण म्हणाला, "आई, ती गाडी बघायला येतीय!"

"मंग? बघायला येनाऱ्याला पोहं नकोत व्हय?"

गाडीला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं. क्लारानं पोहे दोनदा मागून घेतले आणि गाडीकडं नंतर पाहिलं.

*

सासरे, आण्णा, पूर्वी बैलांच्या बाजारात मुरलेले. त्यांचा नियम एकच, जनावराची खोड सांगितल्याबिगर विकायचं न्हाई!

"ही थंडीत सकाळची उठत न्हाई," आण्णा क्लाराला म्हणाले.

"व्हेरी गुड इन मॉर्निंग!" किरणचं भाषांतर.

"डाव्या अंगाला वढती."

"बॅलन्स एकदम परफेक्ट!"

आण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोराचा थापा मारतानाचा आवाज ओळखीचा. ते उठले आणि डाव्या अंगाला कलत, खोकत, अंगणभर गाडी होऊन चालून दाखवलं. यान डोकं धरून बसला. संपलं सगळं!

क्लारा मात्र हसून हसून लाल झाली. म्हणाली, "आजवर गाडीबद्दल खरं बोलणारा हा पहिलाच माणूस. मी घेते!"

*

भाव चारचौघांत उघड बोलायचा नसतो, हाही बाजाराचाच नियम. आण्णांनी दोघांचे हात हातात दिले, वर टॉवेल टाकला. बोटं दाबून भाव ठरवा!

दोघं नुसतेच हात धरून बसले.

"आरं, बोट दाबायचं, हात धरून बसायचं न्हाई!"

सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की वो, जोडा बरा दिसतोय!"

*

निघायची वेळ झाली. किरण जीप आणायला गेला होता, यानचं विमान त्याच रात्री होतं. क्लारा बॅग बांधून गाडीवर बसली आणि आण्णांच्या हातातल्या चावीसाठी हात पुढं केला.

आण्णांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. "दावं द्यायचं न्हाई. जनावर इकलं तरी गळ्यातलं दावं सोडून मागंच ठेवायचं. न्हाईतर गोठा ओस पडतो."

सासूबाईंनी मान डोलावली. "व्हय. चावी म्हंजी दावंच की!"

क्लाराला वाटलं, ह्यांचा विचार फिरला. ती उतरून बॅग सोडायला लागली. यान एकदा तिच्याकडं बघतोय, एकदा आण्णांकडं. त्याचे डोळे भरून आले होते.

मी पदराला हात पुसले आणि पुढं झाले.

"आण्णा, मी भोरहून निघाले तेव्हा माझ्या बाबांनी मागं काही ठेवून घेतलं नव्हतं. सगळी दिली. घर काही ओस पडलं नाही. द्या ती चावी!"