विहिरीत राहिलेला वीर

दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गोदाकाठी ऊन चढत चाललं होतं, भटजी सारखे घड्याळ बघत होते आणि नातेवाईक एकेक करून पुढे येत, हात जोडून दादाला शब्द देत होते. "तुझ्या धाकट्या लेकीचं लग्न थाटात लावू." "वहिनीला अंतर देणार न्हाई." समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण जागचे हलेनात. चुलत्यांनी तर घरावर मजला चढवायचंही कबूल करून टाकलं. जिवंतपणी ज्यांना दादाजवळ घटकाभर बसायला फुरसत नव्हती, ते आता काहीही द्यायला तयार होते. माझं डोकं भणभणलं.

दादाचा जीव कुठे अडकलाय, हे मला ठाऊक होतं. विहिरीत.

दादा तीर्थपुरीला मास्तर होता, पण त्याचा खरा जीव चित्रकथा लिहिण्यात. त्याचा वीर दिवसा सरकीच्या गोदामात पोती उचलायचा आणि कुणी संकटात सापडलं की उपरणं पसरून आभाळात उडायचा. मी धाकटी बहीण, म्हणून पहिली वाचक. "उपरण्यानं कुणी उडतं का?" असं विचारलं की म्हणायचा, "मंग काय पँटीवरून चड्डी घालू त्याला? गावात फिरायचंय बिचाऱ्याला."

ती पुस्तकं बसस्टँडवर, घनसावंगीच्या बाजारात हातोहात खपायची. प्रकाशक दादाचं नाव छापत नसे. दादाला त्याचं काही वाटत नसे. एका अंकाच्या शेवटी त्यानं वीराला विहिरीत ढकललं, वर शिळा ठेवली, आणि नेमका तेव्हाच प्रकाशकानं धंदा गुंडाळला. पुढचा अंक लिहून तयार होता. तो घेऊन दादानं किती उंबरे झिजवले! सगळीकडे एकच उत्तर, आता हे कोण वाचतं? हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

शेवटच्या दुखण्यात मला म्हणाला, "त्याचं पुढं काय झालं, असं एकानं तरी विचारायचं होतं गं. कोणालाच त्याची याद न्हाई." मी विचारत होतेच की! पण बहिणीचं विचारणं तो हिशेबात धरत नव्हता. फार वाईट वाटलं मला.

तर घाटावर शेवटी मीच पुढे झाले. "दादा, त्याला विहिरीतून बाहेर काढणारा अंक मी छापून आणीन." कावळे तसेच.

आम्हाला घेऊन आलेला जीपवाला मागे उभा होता. चाळिशीचा असेल. तो जवळ आला.

"उपरणेवाल्याचं म्हणता का ताई? त्याला तर आम्ही कव्हाच बाहेर काढलं."

"कुणी?"

"आम्ही पोरांनी. पुस्तक यायचं बंद झाल्तं, मंग काय करणार? पुढची गोष्ट आम्हीच रचली. अख्ख्या गावानं शिळा सरकवली, उपरण्याला उपरणं बांधून विहिरीत सोडलं अन् ओढला त्याला वर. लेकराला अजून तीच गोष्ट सांगून निजवतो मी."

दादाच्या अंकात वीर एकटाच शिळा फोडून वर येत होता. या पोरांचा शेवट जास्त चांगला होता.

कावळा काही आला नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं चपला शोधायला लागली. मला रडू आवरेना.

"बाबा, पंधरा दिवस आधी का नाही रे भेटलास?"

तो ओशाळला. "काय सांगू ताई? लिहिणारा माणूस आपल्या इकडचा असंल, असं कधी वाटलंच न्हाई."