बेवाल्या बाई

नवा माणूस भेटला की बाई आधी त्याला पाढा म्हणायला लावत. तो 'बे एके बे' म्हणाला की लगेच विचारत, "एरवी दोन म्हणता, मग पाढ्यातच बे काहून?" कोराडीच्या आमच्या वसाहतीत त्यांचं नाव बेवाल्या बाईच पडलं.

त्या नागपुरात एका कॉलेजात पाली शिकवत. भाऊ इथल्या वीजकेंद्रात, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. रविवारी सकाळच्या बसनं त्या त्याच्याकडे येत. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. एकदा दारावर गाठोडं घेऊन आलेल्या सिंधी कापडवाल्याला त्यांनी आकडे म्हणायला लावले. तो 'हिकु, ब, टे' म्हणाला आणि बाईंचा चेहरा उजळला. पालीतल्या 'द्वे'चं कुठे 'दो' झालं, कुठे 'ब', कुठे 'बे', हे त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं. "एका आईच्या दोन लेकी आहेत. मराठीनं दोघींनाही घरात ठेवलं," त्या म्हणाल्या. त्या नादात चादर घ्यायची राहूनच गेली.

त्यांचं खरं वेड ब्राह्मी लिपीचं. घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. अशोकानं धम्म दगडावर कोरला ती अक्षरं आपल्याला वाचता आली पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं. आमच्या ओट्यांवर कायम वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर असायचा. आम्ही झाडून झाडून वैतागायचो, बाई त्यात बोटानं अक्षरं काढायच्या. अधिकच्या चिन्हासारखा क, छपरासारखा ग, वाटोळा ठ, आणि त्याच वाटोळ्यात टिंब दिलं की थ.

माझ्या सासूबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. वसाहतीत प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा पोरं खिडकीतून हसतील म्हणून त्या गेल्या नाहीत. बाई अक्षरं काढायला लागल्या की मात्र सूप घेऊन तिथंच घोटाळायच्या. एका रविवारी बाईंनी त्यांना जवळ बोलावलं.

"मले साधी अक्षरं येत नाही वं बाई. हे काय जमते मले?"

"हे इथं कोणालेच येत नाही, आई. तुमच्या लेकाले नाही, त्याच्या साहेबाले नाही. सारे एकाच वर्गात."

सासूबाई सूप बाजूला ठेवून बसल्या. राखेत बोट टेकवलं आणि क उमटला. त्यानंतर रविवारी सकाळी ओटा झाडायला त्या मला मनाई करू लागल्या.

ब्राह्मी हाताशी आल्यावर बाईंनी प्रत्येक अक्षराशेजारी आजचं अक्षर काढायला सुरुवात केली. ती उभीआडवी रेघ वाकत वाकत आपला क कसा झाला, ते दाखवलं. आता आपण साधं वाचायला शिकतो आहोत, हे सासूबाईंच्या लक्षातही आलं नाही. एक दिवस चहाच्या पुड्यावरचं नाव त्यांनी वाचलं आणि पुडा छातीशी धरून त्या स्वयंपाकघरातच बसून राहिल्या.

पुढे बाईंना मराठवाड्यातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. निरोप द्यायला आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. मला रडू येत होतं. सासूबाई बाईंच्या खिडकीशी उभ्या राहून फलाटावरची एकेक पाटी अडखळत, मोठ्यानं वाचू लागल्या. बाई गजांवर कपाळ टेकवून ऐकत होत्या. गाडी हलली तरी सासूबाई वाचतच होत्या.